लागत नाही की लावत नाही?

मराठीत ‘मन लागत नाही’ आणि ‘मन लावत नाही’ या दोन वाक्यांमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. एकात ग, दुसऱ्यात व. पहिलं वाक्य ज्याचं मन आहे तो म्हणतो. दुसरं बाकीचे त्याच्याबद्दल म्हणतात. माझ्या प्रगतिपुस्तकांवर शेऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं दुसरंच वाक्य असायचं, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधी ‘हुशार आहे, पण’.

भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, उचकी लागते. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. रात्रभर झोप लागली नाही म्हणून कुणी कुणाला कामचुकार म्हणत नाही. दिवा मात्र लावावा लागतो, दाराला कडी लावावी लागते. ती लावली नाही तर विचारणारे विचारणारच. मग लक्ष यातलं कुठलं? झोपेसारखं की कडीसारखं? नापास झालेल्या मुलाला काय बोलायचं, आणि ते बोलायचा आपल्याला हक्क आहे का, हे या उत्तरावर ठरतं.

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाहीये. मी दिघीत राहते. पप्पा भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत, आई घरी ब्लाउज शिवते. मी इंजिनिअरिंगला आहे. ४ विषयांची केटी आणि एक वायडी माझ्या नावावर आहे, आणि १९व्या वर्षी मला एडीएचडी असल्याचं निदान झालंय.

नावावरून वाटतं की या लोकांकडे लक्ष कमी असतं. तसं नाही. लक्ष भरपूर असतं, पण ते कुठे जाईल, किती वेळ टिकेल आणि कधी सुटेल, यावरचा लगाम ढिला असतो. आवडलेल्या एखाद्या सर्किटवर मी जेवण विसरून रात्री दोनपर्यंत बसते. आणि ‘फॉर्म भरायची शेवटची तारीख शुक्रवार’ ही सूचना सोमवारपासून रोज वाचते, रोज समजते, आणि शुक्रवार निघून जातो. अडचण समजण्यात नाही. समजणं आणि करणं यांच्या मधली जी वाट इतरांना दिसतही नाही, इतकी ती सरळ असते, ती माझ्याकडे उखडलेली आहे. पुढचं आखणं, समोरचा मोह थोपवणं, हातातलं काम डोक्यात धरून ठेवणं ही मेंदूची कामं यात अडखळतात. हे घराण्यात चालत येतं. आनुवंशिकतेचा वाटा जवळपास उंचीच्या बाबतीत असतो तेवढा मोठा मानला जातो. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र अंदाज काढला तर शाळकरी मुलांमध्ये साधारण ५ टक्के. म्हणजे ६०च्या वर्गात ३ जण. मुलींचं निदान मुलांपेक्षा कमी होतं. त्याचं एक कारण सोपं आहे: बाकावरून उठून पळणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही.

‘हे सगळं मोबाइलमुळे’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त एक साल सांगते: १९०२. त्या वर्षी लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण स्वतःला आवर घालता येत नाही, लक्ष टिकत नाही, अशा मुलांचं वर्णन त्याने केलं. वैद्यकात या अवस्थेचा इतिहास सांगताना बरेचदा तिथूनच सुरुवात करतात. आणि स्टिलने या दोषाला काय म्हटलं? नैतिक नियंत्रणातला दोष. आजच्या अर्थाने तो नीतीबद्दल बोलत नव्हता, असं जाणकार सांगतात. तरीही शब्द तोच होता. ‘अटेन्शन डेफिसिट’ हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत यायला १९८० उजाडलं. म्हणजे डॉक्टरांनासुद्धा ‘व’पासून ‘ग’पर्यंत यायला पाऊण शतकाहून जास्त काळ लागला. आमच्या वर्गशिक्षकांना मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

उलट बाजूही सांगायला हवी. रील बघता बघता ‘अरे, हे तर माझंच’ असं वाटलेले तुमच्यातही बरेच असतील. निदानाच्या निकषांनुसार ही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून हवीत, घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांनी आयुष्य खरोखर अडवलेलं हवं. परीक्षेच्या आदल्या रात्री फोन सुटत नाही, ही सगळ्या मानवजातीची गोष्ट आहे. शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रीलवर थांबू नका.

निदान घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, “हे पुढे कुणाला कळेल का?” पुढे म्हणजे लग्नात. पप्पांनी गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून वाचली आणि म्हणाले, “सवय लागेल.” एक काका म्हणाले, “आमच्या वेळी दोन फटक्यांत हे बरं व्हायचं.” यातलं कुणी दुष्ट नाही. आई घाबरली होती, पप्पांना गुंगीच्या औषधांची भीती वाटत होती, काकांनी स्वतः फटके खाल्ले होते. पण या सगळ्याचा माझ्यावर एकच परिणाम झाला: मी लपवायला लागले. आणि लपवायलाही लक्ष लागतं. पाय हलतोय का, समोरच्याचं वाक्य मध्येच तोडलं का, आपण ऐकतोय असं दिसतंय ना? ज्याच्याकडे लगाम आधीच ढिला, त्याचं अर्धं लक्ष आपण नॉर्मल दिसण्यावर खर्च करायला लावतो आणि उरलेल्या अर्ध्यात पेपर लिही म्हणतो. एडीएचडीवरचा हा कर समाज बसवतो.

इथपर्यंत वाचून तुम्ही माझ्या बाजूने झाला असाल, तर थांबा. माझ्या लॅब पार्टनरने एकदा मला विचारलं, “समज, प्रोजेक्टमध्ये तुझा भाग राहिला, तर रात्र मला जागावी लागेल. त्यात तुझा दोष नसेल. पण माझाही नाही ना?” तिच्या या प्रश्नाला मेंदूतल्या कुठल्याही रसायनाचं नाव हे उत्तर होऊ शकत नाही. ‘माझा मेंदूच असा आहे’ हे वाक्य खरं आहे, पण ते बोलून झाल्यावर रिपोर्ट लिहून होत नाही.

आषाढीच्या आधी माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाते ती आमच्या दिघीवरून. त्या दिवशी रस्ते बंद, घरोघरी चहा-पोह्यांची गडबड. ज्या ज्ञानेश्वरांची ही पालखी, त्यांच्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाची तक्रार करतो. माकडाला कधी समाधी लागेल का, वादळाला थांब म्हटलं तर ते थांबेल का, असं तो विचारतो. ही ‘लागत नाही’वाल्याची तक्रार आहे. कृष्णाच्या उत्तरात पहिली गोष्ट कोणती, ते बघा: तो मान्य करतो. तू म्हणतोस ते खरंच आहे, या मनाचा स्वभावच चंचल आहे, म्हणतो. ‘मन लाव’ म्हणून ओरडत नाही. मग अभ्यास आणि वैराग्य हे उपाय देतो. ते मूळ गीतेतही आहेत. पण ज्ञानेश्वर स्वतःचं एक निरीक्षण जोडतात: या मनाचं एक बरं आहे, त्याला ज्या ठिकाणची गोडी लागते तिथे ते सोकावतं, म्हणून त्याला आत्मसुख दाखवावं. ज्ञानेश्वरांना एडीएचडी ठाऊक होता असल्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत. ते ध्यानाबद्दल बोलत होते. पण अडचण कबूल करणं आणि उपाय सांगणं या दोन गोष्टी एकाच श्वासात करता येतात, हे मला तिथे दिसलं. आपल्याकडे एकतर नुसता उपदेश मिळतो, नाहीतर नुसती कीव.

दुसरं उत्तर पप्पांच्या कंपनीत सापडलं. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ‘पोका-योके’ हा शब्द न ऐकलेला कामगार शोधावा लागेल. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांचं याबाबतीतलं १९६१चं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका कारखान्यात स्विच जोडताना बटणांखाली दोन स्प्रिंगा बसवायच्या होत्या, आणि कामगार अधूनमधून एक विसरायचे. दरवेळी रागावणं, ‘नीट लक्ष द्या’ म्हणणं, सगळं करून झालं होतं. शिंगोंनी काम बदललं: आधी दोन स्प्रिंगा एका छोट्या बशीत काढायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली तर लगेच कळणार. विसरणं बंद झालं नाही. विसरल्यामुळे होणारी चूक बंद झाली. या पद्धतीला शिंगो आधी ‘बाका-योके’ म्हणायचे, म्हणजे मूर्खापासून बचाव. मग एका कारखान्यातल्या कामगार बाईला, मी एवढी मूर्ख आहे का, म्हणून रडू आलं, आणि त्यांनी नाव बदलून पोका-योके केलं: नकळत होणाऱ्या चुकीपासून बचाव. व काढून ग लावला, म्हणा ना.

मला दोष आणि जबाबदारी यांच्यातला फरक त्या बशीत दिसतो. दोष मागे बघतो: कुणामुळे झालं? जबाबदारी पुढे बघते: आता कोण काय करणार? स्प्रिंग विसरणाऱ्या कामगाराचा दोष नाही, तरी स्प्रिंग त्यालाच बसवायची आहे. आणि बशी ठेवायची जबाबदारी त्या एकट्याची नाही, ज्याने काम आखलं त्याचीही आहे. निदानामुळे माझ्यावरचा दोष गेला. जबाबदारी गेली नाही, उलट आता ती नीट दिसते, आणि ती कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हेही दिसतं. लॅब पार्टनरला मी हेच सांगितलं: माझा भाग आपण तीन तुकड्यांत करू, प्रत्येक तुकड्याची तारीख तू ठरव, आणि शेवटच्या तारखेआधी दोन दिवस मला विचार. ही माझी बशी. घराजवळच्या अभ्यासिकेत बसते, कारण आजूबाजूला लोक वाचत असले की माझंही टिकतं. फोन अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये. वैराग्य म्हणावं तर एवढंच. औषध घेते, त्याने गुंगी येत नाही, भूक मात्र कमी होते. त्याने अभ्यासही होत नाही, फक्त सुरुवात करता येते.

आता दुसऱ्या बाजूची जबाबदारी. ‘परीक्षा सगळ्यांना सारखी हवी’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेते, कारण माझे पप्पाही तेच म्हणतात. पण तीन तासांचा पेपर नक्की काय मोजतो? विषय येतो का, की तीन तास एका जागी लगाम धरता येतो का? दुसरं मोजायचं असेल तर तसं सांगावं. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं एक प्रकरण आहे. डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला नीटच्या परीक्षेत हक्काचा एक तास जादा वेळ मिळाला नव्हता. न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केलं आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला तो दूर कसा करता येईल ते बघायला सांगितलं. तो जादा तास दयेचा नव्हता, कायद्याचा होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे लिहिताना अक्षरं अडणाऱ्याला निदान दार ठोठावता येतं. लक्ष अडणाऱ्याला आधी ते दार कुठल्या भिंतीत आहे ते शोधावं लागतं.

आणि मार्कशीटला तर कुठलंच दार नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची अट असते: दहावीपासून थ्रूआउट ६० टक्के, बॅकलॉग नको, गॅप नको. मार्कशीटवर शेऱ्याचा रकाना नसतो, तरी वाचणारा तो वाचतोच: मन लावत नाही. मागच्या सेमिस्टरला माझे सगळे विषय सुटले. पण ज्या वर्षी मला नाव माहीत नव्हतं, ते वर्षही माझ्याच नावावर कायम राहणार.

मुलाखतीत ‘हा एक वर्षाचा गॅप का?’ असं विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही. घरगुती अडचण म्हटलं तर सुटका होते, आणि ते अगदी खोटंही नाही. खरं सांगितलं तर नोकरी जाऊ शकते, पण टेबलापलीकडच्या माणसाला कळेल तरी की अशी माणसं पेपर सोडवतात, सर्किट जोडतात, कामावर येतात. आई म्हणते, आधी नोकरी लागू दे, मग सांग. तिचं चुकत नाही. पण सगळ्यांनी नोकरी लागेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं, तर ६०च्या वर्गातल्या त्या तिघांना आपण तिघं आहोत हे कळणार कधी?