दर्शन आणि सान्निध्य

१५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून जुवारीपलीकडे प्रियोळास गेले, तेव्हापासून दैवत एका तीरावर आणि भक्त दुसऱ्या तीरावर, ही अवस्था आम्हां गोमंतकीयांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यामुळे वडोदऱ्यास वा आखातात बसून मोबाइलवर आरती पाहणारा भाविक आम्हांस परका वाटत नाही. इंटरनेटवरून बोलण्याची वाट स्काइपने २००३ साली सर्वसामान्यांस खुली करून दिली. २०२५ साली स्काइप बंद झाले, वाट मात्र रुळली. २०२० च्या मार्चमध्ये देवळांची दारे मिटली, तेव्हा पुष्कळांनी पडद्यासमोरच हात जोडले. ते दर्शन खोटे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

परंतु दर्शन ही गोष्ट एकेरी नव्हे. आपण देवास पाहतो तसा देवही आपणांस पाहतो, या भावनेनेच गाभाऱ्यासमोर माणूस नकळत पदर सावरतो. व्हिडिओ कॉलमध्ये नेमकी हीच गाठ सुटते. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेस असतो. समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहावे, तर त्यास आपली नजर खाली झुकलेली दिसते. कॅमेऱ्याकडे पाहावे, तर त्याचे डोळे आपणांस दिसत नाहीत. दोघेही एकमेकांस पाहतात, आणि दृष्टादृष्ट होत नाही.

देवाचे एक वेळ सोडा. तो सर्वसाक्षी, त्यास कॅमेऱ्याची अडचण कसली? प्रश्न आहे तो घरातल्या वृद्ध आईचा. कॉलची वेळ झाली की ती लुगडे बदलते, केस विंचरते, उजेडात येऊन बसते. सुजलेले पाऊल चौकटीत येत नाही. न घेतलेल्या गोळ्या फडताळात असतात, आणि फडताळही चौकटीबाहेर. ‘बरी आहे रे’ म्हणते. मुलास ते पटते, कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते! पत्राच्या काळी निदान कापऱ्या अक्षरावरून शंका तरी येई. पत्र वाचणाऱ्यास आपण दूर आहोत याचा विसर पडत नसे. या नव्या सोयीत नेमका तोच विसर पडतो, आणि आम्हांस भय वाटते ते त्याचेच.

आखातात दोन दोन वर्षे ज्यास रजा मिळत नाही, त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. त्याच्या आईस तो चेहरा दिसतो, हेच पुष्कळ. आमचा आक्षेप आहे तो पणजीत राहून फोंड्याच्या आईस रोज नेमाने कॉल करणाऱ्या चिरंजीवांवर. बसने तासाभराची वाट. तेवढ्या वेळात ते दोन कॉल आटोपून मोकळे होतात.