वेग आणि आवर



१९८३ साली भारतात आलेली राजदूत ३५० आजही काही तरुण मायेने जपतात. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता; इथल्या गाडीला ड्रम मिळाला. वेग मोठा, आवर अपुरा! म्हणून डिस्क बसवणे योग्यच. पण ब्रेक चाक अडवतो. गाडी थांबते टायरच्या पकडीने, आणि टायर रस्त्याला टेकतो जेमतेम तळहाताएवढा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते. टायरवरचे तारखेचे चार आकडे आपण वाचू या: '२३१५' म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. असा टायर आधी बदलू या.

संयमाचेही तसेच आहे. निश्चय कितीही बळकट असो, पाय जमिनीवर नसतील तर आपण घसरतोच. मागे बसलेला जीवही देवाने आपल्याच हाती सोपवला आहे.