आत्मनिष्ठेची कसोटी

कलावंताने रसिकांच्या रागालोभाचा मुलाहिजा कितपत ठेवावा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा निंदेपुरतीच होते. स्तुतीने होणारी कुचंबणा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बाळ सीताराम मर्ढेकरांचे उदाहरण मला याच कारणासाठी मोलाचे वाटते. 1939 साली त्यांचा ‘शिशिरागम’ निघाला तेव्हा माधव जूलियनांच्या वळणाची ती हळुवार कविता मराठी कानांना ओळखीची होती, आणि जन्मभर त्याच वळणाने ते लिहीत राहिले असते तर कोणी त्यांना बोल लावला नसता. परंतु महायुद्ध, यंत्र आणि महानगर यांनी ग्रासलेल्या माणसाचा जो प्रत्यय त्यांना आला, तो त्या कोमल भाषेत मावेना. म्हणून ज्या शैलीवर हात बसला होता तीच त्यांनी टाकली. माझ्या मते त्यांच्या धैर्याची खरी परीक्षा येथे झाली. उपहास आणि खटला हे सारे त्यानंतरचे.

1947 च्या ‘काही कविता’मधील, पिंपात मेलेल्या उंदरांची कविता तर चेष्टेचाच विषय झाली. तिची ओळ 16 मात्रांची, 8-8 च्या दोन भागांत विभागलेली, म्हणजे शाळेतल्या मुलानेही सहज ताल धरावा अशी आहे. अडखळायला होते ते पहिल्याच ओळीतील शब्दक्रमापाशी, कारण पिंपाचे ओलेपण सांगणारे विशेषण कवीने पिंपापासून तोडून क्रियापदाच्या पलीकडे, उंदरांच्या लगत नेऊन ठेवले आहे. अन्वय लावून ते विशेषण पुन्हा पिंपाशेजारी आणावे, म्हणजे अर्थ सुबोध होतो. पण त्या मृत देहांना चिकटलेली ओल मात्र निघून जाते.

वाचकाला कळली नाही एवढ्यावरून कोणतीही कविता श्रेष्ठ ठरत नाही, आणि आत्मनिष्ठेची सनद दाखवून आळशी लेखणीने मुभा मागावी हे तर मला मुळीच मान्य नाही. आत्मनिष्ठा हा वाङ्मयाचा निकष म्हणून ‘वाङ्मयीन महात्मता’त मांडणाऱ्या मर्ढेकरांनी स्वतः वाचकाकडे पाठ फिरवली नव्हती. ‘पंक्चर’ आणि ‘फलाट’ यांसारखे रस्त्यावरचे शब्द त्यांनी कवितेत आणले, तसेच जात्यावरची ओवी आणि वारीतला अभंगही आणला. हेटाळणी करणाऱ्या वाचकाच्याच घरातले हे धन होते. त्या वाचकाचा संताप मला क्षुद्र वाटत नाही, कारण आपली ओवी अशा विषयासाठी राबवलेली पाहून त्याला खरोखरच यातना झाल्या असतील. त्या यातनांची कवीने कदर करावी, पण त्यांच्या हुकमाने ओळ बदलू नये. ओळ बदलायची तर ती अनुभवाला उणी पडली म्हणून.

पुढे अश्लीलतेच्या आरोपावरून फौजदारी खटला उभा राहिला, आणि नभोवाणीच्या सरकारी खात्यात नोकरी करणाऱ्या या गृहस्थाला आपल्या कवितांपायी आरोपी व्हावे लागले. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. 1951 साली आलेल्या ‘आणखी काही कविता’ने पूर्वीचीच वाट पुढे चालवली. मार्च 1956 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्या वर्षीचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला, कवितेला नव्हे. कवितेचे ऋण नंतरच्या कवींनी आणि वाचकांनी मान्य केले, आणि त्यासाठी उंदरांच्या त्या ओळीतला एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही.