वारीला उद्यापन नाही

व्रत धरले की त्याचे उद्यापन ठरलेले असते. सोळा सोमवार केले, सतराव्याला उद्यापन झाले, व्रत सुटले. वारीला मात्र आपल्या वाडवडिलांनी उद्यापन ठेवले नाही. इतकी वर्षे चाललो, आता पुरे, असे म्हणून माळ खाली ठेवण्याची चाल आपल्यात नाही. मग दशमीच्या दिवशी कळस दिसतो, डोळे भरून येतात, ‘पोचलो’ असा शब्द तोंडातून निघतो, तेव्हा नेमके पुरे काय होते? आणि जो त्या दिवशी पोचत नाही, त्याची वारी झाली की बुडाली?

आमच्या पैठणहून नाथमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. रायमोहा, पाटोदा, परांडा, करकंब अशी गावे घेत आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत येते. १८-१९ दिवसांची ही चाल. ऊन, पाऊस, चिखल, पायाचे फोड हे सगळे त्यात आलेच. जो चालला त्याला त्या शेवटच्या दिवसाचे मोल विचारावे. हे मोल मी कमी करीत नाही. तिथी धरून पोचणे हा नेम आहे, आणि नेम ढिला झाला की भक्तीची नुसती हौस उरते.

तरी एक प्रसंग सांगतो. आमच्या दिंडीत एका वर्षी करकंबच्या मुक्कामी एका म्हाताऱ्या माउलीचे पाय सुजून आले. पंढरी अगदी जवळ राहिली होती. दिंडी थांबवता येत नव्हती, कारण दशमी कोणासाठी थांबत नाही. एकटीला टाकणेही शक्य नव्हते. तेव्हा दुसऱ्याच गावची एक सून पुढे झाली आणि म्हणाली, “मी राहते.” म्हातारी रडकुंडीला आली. “तू जा बाई, माझ्यापायी तुझी वारी बुडवू नको.” ती म्हणाली, “तुमची बुडाली तर माझी एकटीची तरली काय, मावशी?” एकादशीला आम्ही चंद्रभागेत उतरलो, त्या दोघी एका शेतकऱ्याच्या पडवीत बसून राहिल्या.

आता शास्त्राने विचार करू. संकल्प सोडून अर्ध्यावर थांबणे हा संकल्पभंग. मग त्या सुनेला दोष लागला का?

याचे उत्तर नाथांच्या चरित्रात आहे आणि ते तुम्ही लहानपणापासून ऐकले आहे. काशीच्या गंगेची कावड रामेश्वराला घालायची, म्हणून नाथ यात्रेकरूंबरोबर निघाले होते. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी कावड त्याच्या मुखात रिती केली. आपण नाथांचा जयजयकार करतो आणि बरोबरच्या यात्रेकरूंना मूर्ख ठरवून मोकळे होतो. पण त्यांचीही बाजू बघा. तेही शेकडो कोस खांदे सोलवटून आले होते. त्या पाण्यावर देवाचे नाव पडले होते, ते दुसऱ्याला कसे द्यावे, ही त्यांची शंका रास्त होती. नाथांनी ती शंका धुडकावली नाही. देवाचे नाव पडलेले पाणी त्यांनी देवालाच दिले. फरक एवढाच, की देव मंदिरात वाट बघत बसला नव्हता, तो वाटेत तहानेला आला होता.

कोणी म्हणेल, महाराज, ही तर आळशाला पळवाट झाली. उद्या कोणीही दुसऱ्याच मुक्कामाला बसकण मारील आणि म्हणेल, माझा रामेश्वर इथेच आला. ही शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. तिचे समाधान असे की, कावड कोणाच्या तहानेसाठी उतरली ते बघावे. नाथांनी ती स्वतःच्या खांद्याच्या कळेसाठी उतरवली नाही. स्वतःच्या कंटाळ्यासाठी थांबला त्याची वारी बुडाली. दुसऱ्याच्या जिवासाठी थांबला त्याची पोचली. ही कसोटी ज्याची त्याने मनात लावायची असते, बाहेरून कोणाला लावता येत नाही.

हीच कसोटी २०२० साली सगळ्या वारकऱ्यांना लागली. करोनाच्या त्या आषाढीला नाथांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटीने पंढरीस गेल्या आणि बाकीचे आपण घरी राहिलो. २०२१ सालीही पादुकांना बसनेच जावे लागले. ‘परंपरा मोडली’ म्हणून पुष्कळांचे मन खट्टू झाले, माझेही झाले. पण आपल्या गर्दीने वाटेवरच्या गावांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जिवावर बेतले असते. जे त्यासाठी घरी राहिले, त्यांनीही कावड वाटेतच रिती केली होती.

पोचलेल्यांचेही एक सांगतो. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालख्या परत निघतात. येताना हजारो, जाताना थोडे. त्या परतीत टाळ कमी वाजतात, फोटो काढायला कोणी येत नाही. पण वारी या शब्दातच जाणे-येणे दोन्ही आहे. कळस दिसला त्या दिवशी डोळ्यांत पाणी आले, हे चांगलेच. पण घरी आल्यावर भावाशी बांधाचे भांडण तसेच चालू राहिले, तर आपण चाललो कोठून कोठे?

फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, आमच्या पैठणात दिंड्या येतात. अष्टमीला नाथमंदिरात काल्याची हंडी फुटते. आठ दिवस पायी आलेला आणि सकाळी एसटीतून उतरलेला, दोघेही हात पसरतात. काला वाटणारा कोणाला विचारत नाही की तू किती चाललास.

आता माझे गुडघे चालीला साथ देत नाहीत, पण तुम्ही चालाल. दशमीला कळस दिसला की हात जोडा. मग मागे वळून आपल्या दिंडीतले कोण मागे राहिले, कोणाजवळ कोण थांबले, ते बघा. देवापुढे उभे राहाल तेव्हा त्यांचेही नाव घ्या. रामकृष्णहरि.