साप्टिया?

चेन्नईत कुणी भेटलं की तब्येत नंतर विचारतात. आधी विचारतात, "साप्टिया?" जेवलीस का? याला उत्तर एकच, "साप्टेन." जेवले. पोटात कावळे ओरडत असले तरी हेच सांगायचं. आपल्याकडेही 'आत्ताच जेवून आलोय' म्हणायची रीत आहेच की.

परळहून नोकरीसाठी चेन्नईला गेलेल्या एका मुलीला ही रीत तिथल्या तीन वर्षांत चांगली कळली होती. तरीही ती फसली, कारण तिच्या हातात चार पानी फॉर्म होता.

तिचं काम गरोदर बायकांच्या आहाराची पाहणी करण्याचं. पिशवीत मापाच्या वाट्या, पळ्या आणि छोटा वजनकाटा. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पोटात काय काय गेलं, कुठल्या वाटीने किती, ते विचारून लिहायचं. ऑफिसातला संगणक त्यावरून प्रथिनं किती, लोह किती, फोलेट किती, ते काढून द्यायचा.

मरीना किनाऱ्याच्या दक्षिणेकडे नोच्चिकुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या एका अक्काला सातवा महिना लागला होता. हिमोग्लोबिन 7.8. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. फॉर्म मात्र धडधाकट होता. भात, रसम, शेवग्याच्या पाल्याचं पोरियल, तारल्यांचं मीन कुळंबू, अंडं. वंजरम, म्हणजे आपली सुरमई, जाळ्यात आली तर ती विकायची; घरात तारलीच. शिवाय सरकारी किटमधला खजूर. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची तमिळनाडूची मातृत्व योजना 1987 पासूनची. पुढे ती 18,000 रुपयांपर्यंत वाढली, आणि पैशांच्या जोडीला खजूर, तूप, लोहाचं औषध अशी पिशवीही मिळू लागली. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या दिवसाआड घेते, हेही अक्काने न लपवता सांगितलं होतं. अशी बाई जेवणाबद्दल कशाला खोटं बोलेल?

मुलीला जंतांचा संशय आला. तपासणी झाली, जंत निघाले नाहीत. तिने मापाच्या वाट्या पुन्हा मोजून पाहिल्या. त्या बरोबर होत्या.

शेवटी ती फॉर्म घेऊन मॅडमकडे गेली. मॅडम जुन्या वळणाच्या डॉक्टर. फॉर्म बाजूला ठेवून त्यांनी भलतंच विचारलं, "तू परळची ना? मग ल्यूसी विल्स तुला माहीत असायला हवी."

मुलीला ती माहीत नव्हती. (परळमध्ये तरी कितीजणांना असेल?) 1928 मध्ये ही इंग्रज डॉक्टर मुंबईला, परळच्याच हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गिरणगावातल्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, काही दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, पण संख्येने फार कमी. ल्यूसीनेही आधी जंतूच शोधले. मग तिच्या ध्यानात आलं की हा आजार सगळ्या घरांत सारखा नाही. ज्यांच्या जेवणात दूध, फळं, भाज्या जेमतेम, त्या बायकांवर त्याचा घाला जास्त. तशाच धर्तीचं जेवण तिने माकडांना घातलं, तर माकडांनाही पंडुरोग झाला. त्यातलं एक मरायला टेकलेलं माकड मार्माइटने उठून बसलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क, इंग्रज पावाला लावून खातात तो. त्यानेच बायकाही बऱ्या झाल्या. 1931 च्या सुरुवातीला ती मद्रासला आली आणि तिरुवल्लिक्केणीच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात तिने हेच काम पुढे चालवलं. आजचं कस्तुरबा गांधी हॉस्पिटल ते हेच. यीस्टमधल्या त्या गुणाला तेव्हा धड नावही नव्हतं. 1941 मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला, तेव्हा लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड म्हणू लागले. अक्का दिवसाआड घ्यायची त्या लाल गोळीत लोहाबरोबर तेही असतं, 500 मायक्रोग्रॅम.

"म्हणजे अक्काच्या जेवणातच काहीतरी कमी आहे? पण फॉर्म तर..."

"माकड काय खातंय ते ल्यूसी विल्स डोळ्यांनी बघत होती," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या कागदावर सही करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी नोच्चिकुप्पमला गेली ती फॉर्म पिशवीतच ठेवून. उंबऱ्याशी बसली, गप्पा मारल्या. पहाटे समुद्रावरून आलेला नवरा झोपून उठला होता, तो जेवला. सासरे जेवले. चार वर्षांच्या पोराने अंडं खाल्लं आणि खजुरासाठी भोकाड पसरलं, तेव्हा किटची पिशवी त्याच्यासमोर उघडली गेली. मग अक्का वळली.

"साप्टिया?"

"साप्टेन, अक्का."

"कुठे जेवलीस? तोंड बघ सुकलंय." हे म्हणेपर्यंत पान वाढून झालं होतं. वाफाळता भात, त्यावर चिंचेचं लालभडक कुळंबू आणि दोन तारल्या. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला भूक होती. लालबागच्या बाजारातून मावशी आणायची त्या तारल्यांची आठवण काढत तिने काटे चोखून चोखून खाल्ले.

हात धुवायला ती मागे गेली. अक्का चुलीशी उकिडवी बसली होती. मातीच्या चट्टीत मूठभर भात टाकून तो कडेकडेने फिरवत होती, चिकटलेलं कुळंबू पुसून घेत होती. चट्टीत मासा नव्हता. पोरियलचा टोप पालथा घातलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म काढून बसली.

"काल दुपारी काय खाल्लंस, अक्का?"

"मीन कुळंबू."

"आणि मासे?"

"होते की," अक्का म्हणाली, आणि पोराचं नाक पुसू लागली.

मुलीने माशांच्या रकान्यात 0 लिहिला. मग थोडं थांबून त्याखाली लिहिलं: तारल्या 2, पाहुणीने खाल्ल्या.

संध्याकाळी संगणकावर बसणाऱ्या पोराचा फोन आला.

"मॅडम, या फॉर्ममध्ये 'पाहुणी' लिहिलंय. तिचा कोड काय टाकू?"