सापडलेली वस्तू कोणाची?

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात लष्कराची के. के. रेंज आहे. तिथे रणगाड्यांच्या तोफमाऱ्याचा सराव चालतो. सराव संपला की भोवतालची गरीब माणसे माळावर पितळ, तांबे, लोखंड वेचायला जातात. पण झाडलेला प्रत्येक गोळा फुटतोच असे नाही. असा न फुटलेला गोळा भंगार समजून ठोकताना माणसे मेली आहेत.

त्या बाजूला आमचे नातलग राहतात. एका पावसाळ्यानंतर भाच्याबरोबर माळावर गेलो होतो. ओढ्याकाठची माती वाहून गेली होती आणि तिच्यातून हातभर लांबीचे गंजलेले धूड डोकावत होते. शेजारी दोन-तीन पितळी काडतुसे. भाचा वाकला, तसा मी त्याचा दंड धरून मागे ओढला.

"मामू, एवढं पितळ! भंगारवाला वजनावर घेतो."

माझा चेहरा पाहून तो थांबला आणि हळूच म्हणाला, "बरं, राहू द्या. पण कुणाला सांगूही नका. पोलीस आधी आपलं नाव विचारतील."

पहिल्या वाक्यात गरज होती, दुसऱ्यात भीती. दोन्ही खऱ्या होत्या.

सापडलेल्या वस्तूला इस्लामी कायद्यात 'लुकता' म्हणतात. पैसे सापडले तर त्यांची खूण ध्यानात ठेवून वर्षभर पुकारा करावा, चुकलेली शेळी लांडग्याच्या तोंडी जाण्याआधी ताब्यात घ्यावी, पण चुकलेल्या उंटाला हात लावू नये, अशी शिकवण पैगंबरांच्या (स.) हदीसमध्ये आहे. उंट स्वतःची काळजी घेऊ शकतो, मालक त्याला शोधून काढील.

हा गोळा यांपैकी कोण? मालक ठाऊक आहे, म्हणून तो आपला नाही. त्याला हात लावायचा नाही, हे उंटासारखेच. पण उंटाला सोडून निघून जाता येते, कारण त्याच्यापासून कुणाला धोका नाही. इथे आपल्यामागून शेळ्या घेऊन येणारे पोर आहे. वाटेवरची इजा करणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग सांगितला आहे. जी वस्तू हाताने दूर करता येत नाही, ती दूर करू शकणाऱ्याला कळवणे हेच तिला दूर करणे. म्हणजे हात न लावल्याने आपण निम्मेच सुटतो. गप्प राहिलो तर उरलेला निम्मा भार मानेवर राहतो.

राहिली भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटांत पकडलेल्या, वर्षानुवर्षे तुरुंगात काढलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. ती वर्षे कुणी परत देऊ शकले नाही. पण कायदा काय म्हणतो तेही माहीत हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना काडतूस बाळगणे गुन्हा आहे, आणि बाळगणे म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितले. काडतूस खिशात टाकले की ताबा सुरू होतो. जागेवर ठेवून कळवले तर आपला ताबा होतच नाही. धर्म आणि कायदा इथे एकाच वाटेने चालतात.

मी भाच्याला दूर, वाटेच्या तोंडाशी उभे केले, कुणी आले तर अडवायला. स्वतः गावात जाऊन पोलीस पाटलांना बरोबर घेतले. त्यांनी ठाण्याला फोन लावला. नाव विचारले गेले, मी सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली, निदान मला तसे वाटले. मग जागा विचारली. संध्याकाळी जवान आले, त्यांनी माळ मोकळा करून घेतला. स्फोटाचा आवाज गावापर्यंत आला.

आणखी एक हदीस आठवते. मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके धरून चालावे, कुणाला लागू नये. म्हणजे पहिली जबाबदारी बाण बाळगणाऱ्याची. सरावानंतर माळ साफ करण्याचे काम शेळ्या राखणाऱ्या पोरावर पडू नये, हे लष्कराला विचारण्याचा आपल्याला नागरिक म्हणून हक्क आहे. पण तो प्रश्न विचारायलाही आधी आपले नाव सांगावे लागते.

परतताना भाचा म्हणाला, "मामू, आपलं पितळ गेलं."

मी म्हणालो, "आपलं नव्हतंच, बेटा. आपली फक्त खबर होती."