माफी कोणत्या भाषेत मागावी?

आमच्या पाचोडच्या घरात हिशेब उर्दूत होत असे. वडील शिकले निजामाच्या राजवटीत, उर्दू माध्यमातून. 17 सप्टेंबर 1948 ला ती राजवट संपली. वडिलांच्या डोक्यातले पाढे मात्र शरण आले नाहीत. मोसंबीच्या बागेचा सौदा ठरवताना ते व्यापाऱ्याशी मराठीत घासाघीस करत आणि ओठांतल्या ओठांत ‘बारा सत्ते चौरासी’ पुटपुटत. देवापुढे मात्र शुद्ध मराठी. आई म्हणे, “तिथं गुणाकार नाही ना!”

दोन भाषा येणारा माणूस शब्द ठेवतो तरी कुठे? युरिएल वाइनराइख यांनी 1953 साली याचे तीन प्रकार सांगितले. कुणाच्या डोक्यात दोन स्वतंत्र कणग्या असतात, कुणाची एकच कणगी आणि तिला तोंडं दोन, तर कुणाकडे दुसऱ्या भाषेचा शब्द पहिलीच्या दारातूनच आत येतो. पुढच्या संशोधनात असं दिसलं की एक भाषा बोलताना दुसरी झोपलेली नसते. आमच्या मिसळणाच्या डब्यासारखंच हे! वाट्या वेगळ्या, पण मोहरीत हळद सांडतेच.

शब्द असे एकमेकांत सांडतात हे खरं, पण त्यांचा ठसकाही सांडतो का? 2014 साली आल्बर्ट कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच जणांचा जीव वाचवायला एका धिप्पाड माणसाला पुलावरून गाडीखाली ढकलाल का? हाच प्रश्न शिकलेल्या परक्या भाषेत विचारला, तेव्हा जास्त लोक ‘ढकलू’ म्हणाले. परक्या शब्दाला आईची चापट चिकटलेली नसते, हे त्याचं एक कारण असावं.

मला हे प्रयोगाविनाच कळलं होतं. बांधावरून मी धाकट्या भावाला चारचौघांत नाही नाही ते बोललो. मोजणी झाली, तेव्हा दोन हात जमीन मीच दाबलेली निघाली. मी गेलो आणि ऐटीत म्हणालो, “सॉरी बरं का!”

तो म्हणाला, “दादा, बसमध्ये पायावर पाय पडला तरी माणसं सॉरी म्हणतात. आता मराठीत म्हण.”

दोन मिनिटं घसा कोरडा. शेवटी कसंबसं “माफ कर रे” निघालं. त्यानं मुकाट्यानं चहा पुढे केला.

घरी येता येता आठवलं, ‘माफ’ तरी कुठला मराठी? अरबीतून निघून फारसीच्या वाटेनं आलेला! म्हणजे एकेकाळी तोही ‘सॉरी’सारखाच उपरा असणार. पिढ्यान् पिढ्या आमच्या घरांत त्यानं माना खाली घालायला लावल्या, तेव्हा कुठे त्याला ठसका आला.

परवा नातवाच्या हातून माझा चष्मा फुटला. पोरगा इंग्रजी शाळेतला. मान खाली, डोळ्यांत पाणी, आणि ‘सॉरी’ काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.

चष्म्याचं वाईट वाटलं, पण शब्दाचं बरं वाटलं. तो आता घरचा झाला.